पाहुणा हात

हातमोजा निळ्या जाड कापडाचा होता. आत तळव्याशी एक कडक पट्टी, मनगटाशी वेल्क्रोचा पट्टा. थेरपिस्टने तो टेबलावर ठेवला तेव्हा बाबाला वाटलं, हा उजव्या हातासाठी असणार. दुबळ्या हाताला आधार म्हणून.

"डाव्यासाठी आहे," थेरपिस्ट म्हणाली. "चांगल्या हातासाठी."

बाबाने आईकडे पाहिलं. आईने मोजा उचलला, आत बोटं घालून बघितली आणि परत ठेवला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. या उपायाबद्दल तिने आधीच कुठेतरी वाचलं होतं, आणि बाबाला सांगितलं तर तो नाही म्हणेल म्हणून थेट इथे घेऊन आली होती.

भिंगरी खाली सतरंजीवर ठोकळे रचत बसली होती. पाच वर्षांची होती, आणि तिचं सगळं जग डाव्या हाताने चालायचं. चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात, आईची वेणी ओढायची तरी डाव्याच हाताने. उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ वळलेली, अंगठा मुठीच्या आत दडलेला, असा मांडीवर पडून असायचा. त्याला घरात 'पाहुणा' म्हणत. नाव बाबानेच ठेवलं होतं. "जेवायच्या वेळेला बरोब्बर हजर," तो म्हणायचा, "पण ताट उचलायचं नाव नको." भिंगरी त्यावर खदखदून हसायची आणि स्वतःच पाहुण्याला रागवायची.

भिंगरी हे नावही असंच गमतीत पडलेलं. बसायला लागली तेव्हा ती रांगली नाही. बसल्या जागी डावा हात आणि डावा पाय जमिनीवर रेटत गोल गोल फिरायची. सगळे कौतुकाने बघायचे, टाळ्या वाजवायचे. एकाच बाजूने जोर लागतो म्हणून ती फिरतेय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हा शब्द उच्चारला. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला इजा झालीय, जन्माच्या आधीच कधीतरी तिथला रक्तपुरवठा थांबला असावा, म्हणून शरीराची उजवी बाजू दुबळी राहिली, असं सांगितलं. तोपर्यंत नाव पक्कं झालं होतं. बदलावं असं दोघांनाही वाटलं, पण ती त्याच नावाला ओ द्यायची.

"हे बघा," थेरपिस्ट सांगत होती, "पाच वर्षांचा मेंदू म्हणजे नुकतं राहायला आलेलं घर. सामान अजून लागतंय. एक खोली बंद पडली तर तिथलं सामान दुसरीकडे लावता येतं. मोठेपणी कपाटं भिंतीत ठोकून बसवलेली असतात, मग हलवाहलव अवघड. पण हलवायची गरज आहे हे मेंदूला कळायला तर हवं! डावा हात सगळं करून टाकतोय तोवर उजव्याला कोण विचारतो? म्हणून डाव्याला थोडे दिवस सुट्टी. रोज सकाळी दोन-तीन तास मोजा घालायचा आणि खेळायचं."

"आणि नाही घातला तर?" बाबाने विचारलं.

"तर काही बिघडणार नाही," ती म्हणाली. "पण हे वय परत येणार नाही."

ते शेवटचं वाक्य आईने मनात घट्ट धरून ठेवलं.

आई बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, हे सगळं तिच्या आवाजात शहराला कळायचं. घरीही कधी मूड लागला की ती तोच आवाज काढायची: "कृपया इकडे लक्ष द्या. आंघोळीला जाणाऱ्या प्रवाशांनी त्वरित न्हाणीघराकडे यावं." पण तिची पाळी सकाळची. म्हणजे मोजा बांधायचं काम बाबाच्या वाट्याला आलं.

बाबा एका मोठ्या लाँड्रीत होता. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे यायच्या, धुऊन, वाळवून, रोलरमधून निघायच्या, आणि शेवटच्या टेबलावर बाबा आणि त्याचे सोबती त्यांच्या घड्या घालायचे. त्याची पाळी दुपारची. त्यामुळे सकाळी घरात दोघंच असायची, तो आणि भिंगरी. आणि आता तिसरा तो निळा मोजा.

पहिल्या दिवशी भिंगरीला मजा वाटली. मोजा घालून तिने बाबाला ठोसे मारले, बॉक्सिंग खेळून झालं. मग बाबाने तिच्यासमोर मोठे स्पंजचे ठोकळे मांडले. तिने सवयीने डावा हात पुढे केला, तो ठोकळ्यावर नुसता आपटला. पुन्हा केला. मग तिने बाबाकडे पाहिलं.

"पाहुण्याला सांग ना," बाबा म्हणाला. "आज त्याची पाळी."

पाहुणा निघाला. खांदा आधी उचलला गेला, मग कोपर बाहेरच्या बाजूला वळलं, मनगट खाली लोंबलं, आणि मूठ ठोकळ्याच्या पलीकडे जाऊन पडली. बोटं उघडेनात. भिंगरीचं तोंड वाकडं झालं, जीभ बाहेर आली, कपाळाला घाम आला. ठोकळा गडगडत पलंगाखाली गेला.

"जमेल हं," बाबा म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय, हे त्याला जाणवलं.

पुढचे दिवस असेच गेले. कधी एखादा ठोकळा मुठीत अडकायचा, आणि बाबा असा ओरडायचा की शेजारी खिडकीतून डोकावायचे. पण बहुतेक सकाळी रागाच्या जात. भिंगरी मोजा दातांनी ओढायची. भिंतीवर आपटायची. एकदा तिला लघवीला लागली. बाबा स्वयंपाकघरात दूध बघत होता. हाक मारायच्या ऐवजी ती एकटीच गेली, आणि चड्डीची नाडी काही सुटेना. बाबा आला तेव्हा ती न्हाणीघराच्या दारात ओल्या चड्डीत उभी होती. रडत नव्हती. मोजा पुढे धरून म्हणाली, "बाबा, तू माझा हात घेऊन टाकलास."

त्या रात्री बाबा कामावरून आला तो गप्पगप्प. भिंगरी झोपल्यावर त्याने आईला ते वाक्य सांगितलं.

आई स्वयंपाकघराचा ओटा पुसत होती. पुसत राहिली. "थोडी कळ काढ," म्हणाली. "तुला काय वाटतं, मला सोपं जातंय?"

"तू असतेस कुठे सकाळी? तुला दिसत नाही."

"मला न बघता दिसतं," आई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. शहराला ऐकू जाणारा तिचा आवाज घरात भांडताना नेहमी असा जवळजवळ कुजबुजीवर यायचा. "अरे, हे वय गेलं की गेलं. ती मोठी होऊन विचारेल, तुम्ही का नाही केलंत? मग काय सांगायचं, बाबाला दया आली म्हणून?"

तिच्या बोलण्याच्या तळाशी काय आहे, हे बाबाला ठाऊक होतं. पोटात बाळ असताना आईला सातव्या महिन्यात ताप आला होता. त्या आठवड्यातही ती कामावर गेली होती. डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं की त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. आई मान डोलवायची. आणि मग मध्येच, भाजी चिरता चिरता म्हणायची, "तेव्हा रजा घेतली असती तर." बाबाने त्यावर वाद घालणं सोडून दिलं होतं. तिने काहीतरी करत राहणं हाच तिचा श्वास होता, आणि सध्या त्या करण्याचं नाव मोजा होतं.

म्हणून तो बांधत राहिला. मात्र भिंगरीत एक बदल झाला. तिने राग सोडला. मोजा आला की ती हात पुढे करायची, बांधून घ्यायची आणि नुसती बसून राहायची. दोन्ही हात मांडीवर. ठोकळे समोर, गाणी बंद. एक पाहुणा होता, आता दोन झाले.

पुढच्या खेपेला थेरपिस्टकडे आईही सुट्टी काढून आली. थेरपिस्टने भिंगरीसमोर खोका ठेवला आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. एक एक चिमटा उजव्या हाताने दाबून खोक्याच्या कडेला लावायचा. भिंगरीने मुकाट्याने सुरुवात केली. मूठ आवळली, खांदा वर गेला. तिचा तोल डावीकडे जायला लागला, म्हणून थेरपिस्टने मोज्यातल्या हाताला आपल्या हाताचा आधार दिला.

आणि तशीच थांबली.

"परत कर," ती म्हणाली.

भिंगरीने चिमटा परत दाबायचा प्रयत्न केला. थेरपिस्टने मोज्याचा पट्टा सोडला, मोजा काढून बाजूला टाकला, आणि डावा हात उताणा करून टेबलावर ठेवला. "ह्या हाताने काही करायचं नाही हं. हा झोपलाय. आता पाहुण्याने दाब."

उजव्या हाताची बोटं कशीबशी मिटली. आणि टेबलावर झोपलेला डावा हातही मिटला. स्पष्ट, नेटका, जणू त्यालाच सांगितलं होतं. उजवा सुटला, डावा सुटला. उजवा मिटला, डावा मिटला.

"तो पण करतोच," भिंगरी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिने या खोलीत तोंड उघडलं होतं. "पिशवीत घातला तरी आत करतो. त्याला सांगितल्याशिवाय ह्याला ऐकूच येत नाही."

थेरपिस्ट खुर्चीवरून उठून सतरंजीवर भिंगरीच्या समोर बसली. "मला वाटलं होतं थोडंसं होतंय," ती आई-बाबांना म्हणाली. "लहान मुलांमध्ये असं थोडंफार दिसतं, एका हाताची सावली दुसऱ्यावर पडते. पण हे थोडं नाही. मोज्याआधी मी हे नीट तपासायला हवं होतं. घाई झाली माझी."

"म्हणजे काय?" आईने विचारलं. "आता वेळ गेली का?"

"नाही, नाही. वेळ कुठे जातेय! पण तिच्या हातांचा कारभार कुठून चालतो ते आधी बघू या."

त्यासाठी ती त्यांना एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. वयस्क माणूस, टक्कल, आणि बोलायची पद्धत अशी की जगात समोरच्या माणसाशिवाय कुणीच नाही. आधी ते भिंगरीशीच बोलले. त्यांच्याकडे चष्म्याच्या आकाराचं एक चुंबक होतं, दोन मोठी वेटोळी शेजारी शेजारी. ते डोक्याला लावलं की मेंदूच्या त्या जागेला बाहेरून हलकीशी टिचकी बसते, म्हणाले, आणि ती जागा ज्या हाताची, तो हात उडतो. कधी झटका, फिट असं काही आलं होतं का, हे त्यांनी आईला दोनदा विचारून घेतलं. मग चुंबक स्वतःच्याच टकलाला लावलं. टक्. त्यांचा अंगठा उडाला. भिंगरीचे डोळे विस्फारले.

"दुखलं?"

"टक्कल दुखत नाही," डॉक्टर म्हणाले.

तिच्या दोन्ही अंगठ्यांजवळ तारांच्या चिकटपट्ट्या लावल्या. समोरच्या पडद्यावर दोन रेघा सरकू लागल्या, वरची उजव्या हाताची, खालची डाव्याची. भिंगरी आईच्या मांडीवर बसली.

डॉक्टरांनी चुंबक आधी डोक्याच्या डाव्या बाजूला धरलं. टक्. दोन्ही रेघा सरळ. थोडं पुढे सरकवलं, थोडं मागे, थोडा जोर वाढवला. टक्. टक्. सरळ. बाबा पडद्याकडे बघत राहिला. काहीही न होणं इतकं स्पष्ट त्याने कधी पाहिलं नव्हतं. आईने भिंगरीच्या कमरेभोवतीचा हात आवळला.

मग चुंबक उजव्या बाजूला आलं. टक्.

दोन्ही रेघा एकदम उसळल्या. दोन्ही अंगठे उडाले, डावा जोरात, उजवा जरा कमी, पण एकाच क्षणी.

"परत!" भिंगरी ओरडली.

डॉक्टरांनी परत केलं. दोन्ही. परत. दोन्ही. भिंगरी हसत सुटली, आणि तिचं हसणं ऐकून थेरपिस्टलाही हसू आलं. आई मात्र पडद्याकडेच बघत होती.

"कसं आहे," डॉक्टर खुर्ची ओढून बसले, "सुरुवातीला प्रत्येक बाळाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून दोन्ही हातांकडे तारा गेलेल्या असतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. हळूहळू उजवी बाजू डावा हात सांभाळते, डावी बाजू उजवा. जास्तीच्या तारा काढून घेतल्या जातात. हिची डावी बाजू लवकरच जखमी झाली. तेव्हा उजव्या बाजूने आपल्या तारा काढून घेतल्याच नाहीत. उजवा हातही तिने आपल्याकडे ठेवला. एकाच जागेवरून दोन्ही हातांचा कारभार चाललाय."

"तुम्ही म्हणाला होतात सामान हलवायचं," बाबा थेरपिस्टला म्हणाला.

"ते आधीच हललंय," थेरपिस्ट म्हणाली. "आपण दार वाजवायच्या आधी."

"कधी?" आईने विचारलं. चुंबक लावल्यापासून पहिल्यांदाच बोलत होती ती. "हे कधी झालं?"

"नेमका दिवस कुणालाच सांगता यायचा नाही. पण इजा जन्माच्या आधीची आहे. तेव्हा सावरायचं कामही बहुधा तिथेच सुरू झालं असणार."

"पोटात?"

"पोटात. आणि मग पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पक्कं झालं."

"तिथे तिला कुणी काही शिकवलं नाही," आई म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तिचं तिनेच केलं."

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली, काही झाकून ठेवलं नाही. या सोयीची किंमत असते. दोन्ही हातांचा कारभार एकाच जागी असला की हात एकमेकांच्या मागे धावतात. उजव्या हाताला डाव्याची सफाई बहुधा कधीच येणार नाही. अशा मुलांना मोज्याचा उपयोग होतो की नाही, याबद्दल जाणकारांमध्येही एकमत नाही. काहींना होतो. "पण ही मुलगी मिटून बसलीय असं तुम्ही सांगताय, आणि त्याला मी जास्त महत्त्व देतो," ते म्हणाले. "एक हात बांधण्यापेक्षा दोघांना मिळून कामाला लावा."

परत जाताना बसथांब्यावर गर्दी नव्हती. भिंगरी बाकावर बसून पाय हलवत होती आणि दोन्ही अंगठे आपोआप उडतात का ते बघत होती. आई उभीच होती. बस येऊन गेली तरी ती चढली नाही, म्हणून बाबाही थांबला.

"पाच वर्षं मी एकच शोधत होते," ती म्हणाली. "तिथे आत काय बिघडलं. कुठल्या दिवशी, माझ्या कुठल्या वागण्याने. दुसरं काही तिथे चाललेलं असेल हे डोक्यातच आलं नाही." तिने भिंगरीकडे पाहिलं. "मी माइकसमोर बसून गाड्यांचे नंबर सांगत होते, आणि ही आत बसून आपलं घर लावत होती. आणि मला पत्ता नाही."

"तिने सांगितलंच नाही," बाबा म्हणाला.

आई हसली, आणि मग तिला रडू आलं, आणि भिंगरीने वर बघून विचारलं, "आई, तुला पण टक् केलं?"

मोजा कपाटावर गेला. थेरपिस्टने नवे खेळ दिले, सगळे दोन हातांचे: मोठा चेंडू झेलणं, लाटण्याने माती लाटणं, डब्यांची झाकणं. आणि बाबाने आपल्या परीने एक काम शोधलं. सुट्टीच्या दिवशी लाँड्रीत काम कमी असायचं, तेव्हा मालकाला विचारून तो भिंगरीला घेऊन गेला.

टेबलापाशी त्याची जोडीदार एक वयस्क बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. मोठ्या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात, आणि मावशी आणि बाबा बरीच वर्षं एका चादरीची दोन टोकं धरत आले होते. मावशीने भिंगरीला स्टुलावर उभं केलं आणि ड्रायरमधून नुकताच निघालेला गरम अभ्रा तिच्या पुढ्यात टाकला.

"ऊब बघ," म्हणाली. "आता दोन कान पकड त्याचे."

डाव्या हाताने एक कोपरा लगेच धरला. पाहुण्याच्या मुठीत मावशीने दुसरा सरकवला. भिंगरीने डावी मूठ आवळली, आणि उजवी आपोआप आवळली गेली.

"झटक!"

दोन्ही हात एकदम वर, एकदम खाली. अभ्रा फडफडला. "आता कानाला कान लाव." दोन्ही हात एकमेकांकडे आले. डावा आधी पोचला, उजवा हेलकावे खात मागून आला, पण आला. कोपरा सुटला नाही.

बाबा हातातली चादर तशीच धरून उभा राहिला. इथे एका हाताच्या मागे दुसरा धावला तरी हवंच होतं ते. दोघांनी एकच करायचं होतं.

"तू काय बघतोस?" मावशी त्याला म्हणाली. "तुझं टोक धर की."

त्या दिवशी भिंगरीने बऱ्याच अभ्र्यांच्या घड्या घातल्या. एकही सरळ नव्हती. मावशीने त्या सगळ्या मोडून परत घातल्या, पण भिंगरी पाणी प्यायला गेल्यावर.

थेरपिस्टला बाबाने हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली, आणि लगेच पुढचं बोलली. दोन्ही हातांनी सारखं करणं ही सुरुवात, ते चांगलंच आहे. पण जगण्यातली बहुतेक कामं वेगळी असतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने करायचं. तिच्या मेंदूला खरी मेहनत तिथे आहे. एकाला 'थांब' आणि दुसऱ्याला 'चल' असं एकाच वेळी सांगायचं.

ती मेहनत वर्षभर चालली, आणि सरळ रेषेत चालली नाही. पाहुणा कागद दाबून धरायला शिकला, म्हणजे डावा हात चित्र काढू शकला. पण रेघ जोरात ओढली की दाबणारा हातही ओढला जायचा आणि कागद फाटायचा. डब्याचं झाकण उघडताना डबा सुटायचा. पेला धरून दुसऱ्या हाताने काही पिळायला गेली तर पेलाही पिळला जायचा, आणि पाणी सगळ्यांच्या अंगावर. मध्ये तिची उंची भराभर वाढली, तेव्हा स्नायू मागे पडले, मनगट पुन्हा आखडलं, रात्री पट्टी बांधून झोपावं लागलं. त्या दिवसांत बाबाला वाटलं, होतं ते सगळं पुसलं. ते पुसलं नव्हतं. पट्टी सुटल्यावर हात पुन्हा कामाला लागला, थोडा मागून.

आईची पाळी बदलली. आता ती सकाळी घरी असायची. भाजी निवडायला ती भिंगरीला जवळ बसवायची. ती पूर्वीसारखं हळूच म्हणायची नाही, रजा घेतली असती तर. बाबा काही दिवस त्या वाक्याची वाट बघत राहिला. मग तोही विसरला.

एका सुट्टीच्या सकाळी बाबा चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आला तर भिंगरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. एक पान तिने दोन्ही हातांत धरलं होतं. ते फाडायचा तिचा प्रयत्न चालला होता. कागद फाडताना एक हात पुढे जावा लागतो आणि दुसरा मागे, आणि तेच तिच्या हातांना पटत नव्हतं. दोन्ही एकदम बाहेरच्या बाजूला ओढले जायचे. पान ताणलं जायचं, फाटायचं नाही.

"अगं, मी पेपर वाचला नाही अजून," बाबा म्हणाला.

"थांब जरा," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघताच.

तिने पान मांडीवर दाबलं. उजवी मूठ त्यावर ठेवली, वर आपलं सगळं वजन टाकलं, खांद्यासकट. मग डाव्या हाताने कोपरा धरून ओढला. सावकाश. इतकं सावकाश, की उजव्या हाताला हालचालीची चाहूलच लागू नये. कागद फाटत गेला, नागमोडी, अर्ध्यातून बाजूला वळत, शेवटी एक तुकडा वेगळा झाला.

तिने तो वर धरून बघितला. मग दुसरा फाडला.

बाबा तिच्या शेजारी बसला. आई दाराशी आली होती, पीठ लागलेले हात तसेच.

"बाबा," भिंगरी तिसरं पान घेत म्हणाली, "माझा हा हात बरा कधी होणार?"

हा प्रश्न येणार हे बाबाला माहीत होतं. त्याने त्यासाठी काही उत्तरंही जमवून ठेवली होती. आता त्यातलं एकही बरं वाटेना.

"बरा म्हणजे कसा?"

"म्हणजे त्या हातासारखा."

"त्या हातासारखा नाही होणार," तो म्हणाला.

भिंगरीने हात थांबवले. "कधीच?"

"बहुतेक कधीच नाही. पण आता आहे तसाही नाही राहणार. अजून शिकतोय तो."

"काय काय शिकेल?"

"ते आम्हाला नाही सांगता येत गं. डॉक्टरांनाही नाही येत."

ती विचारात पडली. बाबाने आईकडे पाहिलं. आई आत येऊन भिंतीला टेकून खाली बसली.

"मग मला चाकू धरायला शिकव," भिंगरी म्हणाली. "पोळीवर लोणी लावायचा. वर्गातली सगळी स्वतः लावतात."

"आज?" आईने विचारलं.

"हे फाडून झालं की."

ती पुन्हा कागदाकडे वळली. बाबाने चहाचा घोट घेतला, चहा गार झाला होता. त्याने उरलेलं वर्तमानपत्र हळूच आपल्याकडे ओढलं, तर भिंगरीने त्याच्यावर पाय ठेवला. मग तो तिच्यासमोर पडलेले तुकडेच गोळा करून, बातम्यांचे अर्धेमुर्धे मथळे जुळवत, वाचायला लागला.